यंत्राला मेंढ्या शिकवताना

पहिलं ॲप मी वडवणीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून पाच दिवसांत बनवलं. आजही हे कुणाला सांगताना माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. पुण्यात सहा वर्षं मी हेच काम करत होते. तिथं एवढंच ॲप करायचं तर दहा-बारा माणसं लागायची. कुणी ॲपच्या पडद्यांची चित्रं काढणार, कुणी कोड लिहिणार, कुणी चुका शोधणार आणि एक जण नुसता सगळ्यांच्या बैठका घेणार. पाच-सहा महिने सहज जायचे. इथं मी एकटी होते. एआयला मी साध्या मराठीत लिहून सांगायचे, की मधोमध एक मोठं गोल बटण हवं, ते दाबलं की समोरच्याचं बोलणं ऐकायचं आणि बोलूनच उत्तर द्यायचं. कुकर उतरवून, पोळ्यांची कणीक भिजवून परत येईपर्यंत ते तयार असायचं.

पहिल्या दिवशी तर मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले. जे शिकायला मला इतकी वर्षं लागली, ते माझ्यासमोर ओळीवर ओळ आपोआप उमटत होतं. वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी ऊर भरून आला. वाटलं, आता आपल्याला काहीही करता येईल.

नवऱ्याला वडवणीच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हाच माझ्या कंपनीनं आता एवढी माणसं नकोत म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीणही त्यातच गेली. ती पुण्यातच राहिली, मी इकडे आले. रोज फोनवर बोलताना आमचं ठरलं, की आता नुसत्या दोघींनाही कंपनी काढता येते, तर काढू. आणि ज्यांच्यासाठी कुणी काही बनवत नाही त्यांच्यासाठी बनवू.

ते लोक कोण, हे मला घरातच दिसत होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसं आत्या, धनगराच्या घरात जन्मल्या आणि धनगराच्याच घरात आल्या. वयाची पन्नाशी येईपर्यंत मेंढ्यांमागं चालल्या. सासरे गेल्यावर मेंढ्या काढून टाकल्या आणि लेकाकडे येऊन राहिल्या. पण त्यांचं माहेर नांदूरघाटाकडचं आणि तिकडची भावकी अजूनही मेंढ्या घेऊन आठ-आठ महिने बाहेर असते. तिथल्या एका लग्नात मी पाहिलं, की प्रत्येक बाईच्या हातात फोन आहे. पण वाचता येत नाही म्हणून त्या फोनवर फक्त फोटो बघतात आणि बोलून निरोप पाठवतात. एकीला मी विचारलं, "मेंढरू आजारी पडलं तर काय करता?" ती म्हणाली, "थोरल्यांना इचारतो. थोरले लांब असले तर बघत बसतो."

तेव्हाच डोक्यात आलं. बोलून विचारायचं आणि बोलून उत्तर. मेंढ्या-शेळ्यांचे प्रश्न. वाचायचं काहीच नाही.

सहाव्या दिवशी वडवणीचा आठवडी बाजार होता. मी फोन घेऊन शेळ्या-मेंढ्यांच्या बाजूला गेले. आत्या बरोबर आल्या, म्हणाल्या, "बघू तरी, काय करायलीस पाच दिस." लिंबाखाली चार-पाच माणसं बसली होती. मी समजावून सांगितलं, बटण दाबून दाखवलं. एक मध्यम वयाचा मेंढपाळ पुढं झाला. त्यानं फोन तोंडाजवळ धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "कोकराला मावा आलाय. काय करावं?"

मावा म्हणजे मेंढ्यांच्या तोंडाला येणारे फोड. मला ते त्या दिवशी माहीत नव्हतं. फोनलाही नव्हतं. त्याला माहीत होता तो कापसावरचा मावा, म्हणजे कीड. अत्यंत गोड, समजूतदार आवाजात फोननं सांगितलं, की मावा दिसताच अमुक कीटकनाशक पाण्यात मिसळून सकाळच्या वेळी सगळीकडून फवारावं.

मग सगळे हसत सुटले. "कोकरावर फवारा मारायला लावतंय बे हे!" एक जण म्हणाला, "बरं झालं, पुडीतला मावा खायला न्हाई सांगितला." मीही ओशाळून हसले. तेवढ्यात मागून एका बाईनं विचारलं, "पर औषध कितीक घालायचं पाण्यात? ते बोलला न्हाई त्यो."

ती हसत नव्हती. तिच्या पदराखाली एक लहान कोकरू होतं आणि त्याच्या ओठांना खपल्या आल्या होत्या.

आत्याच पुढं झाल्या. त्यांनी कोकरू हातात घेतलं, त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि त्या बाईला म्हणाल्या, "काय बी फवारू नगंस. ह्याला दुसऱ्यांपासून बाजूला ठिव. तोंड धू, खपली ओढून काढू नगंस, आन त्याला हात लावला की आपला हात साबणानं धू, न्हाई तर तुझ्या बोटाला बी यील. याच्या आईची कास बघ, तिला बी आलं असंल. मग दवाखान्यात दाखव." ती बाई एकेका शब्दाला मान हलवत होती.

घरी येताच मी ॲप बंद करून टाकलं. संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते चुकलं यापेक्षा ते किती खात्रीनं बोललं, त्याची भीती वाटते गं."

दोन दिवस मी लॅपटॉपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या सुपात ज्वारी निवडत ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कावून बंद केलंस ते?"

मी म्हणाले, "आत्या, त्याला काहीच माहीत नाही. त्यानं कुणाचं तरी जनावर मारलं असतं."

"माहीत न्हाई तर कुणी सांगितलं न्हाई म्हणून माहीत न्हाई. तुला तरी कुठं माहीत व्हतं?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आन माझा. मी बोलते त्याच्यासंगं."

त्या दिवसापासून रोज दुपारी आमची शाळा भरू लागली. आत्या ओसरीच्या खांबाला टेकून बसायच्या, फोन समोर पाटावर आणि मी लॅपटॉप घेऊन शेजारी. चार माणसांत आत्या कधी मोठ्यानं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. नवऱ्याचे सहकारी घरी आले की त्या आतल्या खोलीत जाऊन बसत. त्या बाई फोनसमोर दोन-दोन तास बोलू लागल्या.

आधी त्या आजार सांगायच्या. मेंढी खोकते ते एका तऱ्हेनं नाही. पाणी पिऊन खोकली तर वेगळं, चालताना खोकली तर वेगळं, उभी राहून मान लांब करून खोकली तर वेगळं. पोट फुगलं तर डावीकडं फुगलं का बघायचं. लंगडत असेल तर आधी खूर हुंगायचा. वास आला तर काय, नाही आला तर काय. मी विचारायचे, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" त्या म्हणायच्या, "मेंढ्यांनी. दुसरं कोण हुतं तिथं?"

हळूहळू आजारांच्या आजूबाजूचंही येऊ लागलं. कळपात कुणाचं कोकरू कुणाचं, हे कसं ओळखायचं. आई मेलेल्या कोकराला दुसरी मेंढी लावून घ्यावी म्हणून काय काय करायचं. पावसात मेंढ्यांभोवती जाळी, म्हणजे वाघर, लावताना वारा कुठल्या अंगानं आहे ते कसं बघायचं. एका दुपारी त्यांनी माझ्या नवऱ्याच्या जन्माची गोष्ट सांगितली. चालत्या बिऱ्हाडात, उसाच्या एका रानाच्या कडेला तो झाला आणि तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा कळपामागं होत्या. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते मला सांगितलंच नाही खरं तर, फोनला सांगितलं. मी शेजारी बसून ऐकलं.

मी लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, की मी इंजिनिअर झाले, सासूला सही करायला शिकवली आणि आपण केवढं केलं असं मला वाटत होतं. या बाईच्या डोक्यात एक अख्खं ग्रंथालय होतं आणि मी तिला रोज नुसता चहा देत होते.

यंत्राचंही नवल वाटायचं. पहिल्या आठवड्यात त्याला आत्यांचं निम्मंही कळत नव्हतं. 'न्हाई' म्हटलं की ते 'नाही' आणि 'न्हाणी' यांत गोंधळायचं. मी चुका दुरुस्त करत गेले, आत्या पुन्हा बोलत गेल्या. नांदूरघाटच्या वस्तीवर जाऊन आणखी दहा-बारा बायकांचे आवाज गोळा केले. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी आत्या तोंडात पान चघळत, खोकत काहीतरी बोलल्या. मला नीट कळलं नाही, पण पडद्यावर वाक्य बरोबर उमटलं. आत्यांनी मला ते वाचून दाखवायला लावलं. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्याहून त्याला चांगलं ऐकू येतंय," म्हणाल्या.

आवाजाची कल्पना मैत्रिणीची. ती म्हणाली, आता कुणाच्याही आवाजासारखा आवाज बनवता येतो, तर हे ॲप आत्यांच्याच आवाजात का बोलू नये? लोकांना परका वाटणार नाही. मी आत्यांना विचारलं. त्यांना आधी पटेना, की असं होऊ शकतं. मी त्यांच्या आवाजात एक वाक्य करून ऐकवलं. त्या फोनकडे टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यानं माझ्या तोंडानं खोटं सांगितलं तर?"

पुण्यातल्या इतक्या बैठकांत एवढा सरळ प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता.

दोन दिवसांनी त्यांनीच तोड सांगितली. "जे मी सांगितलंय तेवढंच माझ्या आवाजात बोलू दे. दुसरीकडून काय आणलं तर त्याच्या सवताच्या आवाजात बोलावं. आन माहीत नसंल तर, मला ठावं न्हाई, इचारून सांगते, असं म्हणावं. लाज कसली त्यात?"

आम्ही ॲप तसंच बांधलं. आत्यांचं बोलणं आत्यांच्या आवाजात. जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलेली औषधांची माहिती दुसऱ्या, साध्या आवाजात. आणि जिथं काहीच ठाऊक नाही तिथं ते थांबायचं आणि आत्यांच्या फोनची घंटी वाजायची. सुरुवातीचे काही महिने मीही सगळे फोन ऐकत असे. वापरणाऱ्यांना ते आधीच सांगितलेलं असायचं.

दरम्यान एकदा पुण्याच्या एका गुंतवणूकदारांशी व्हिडिओवर बोलणं झालं. माणूस चांगला होता, सगळं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाले, "पण हल्ली असं ॲप कुणीही आठवड्यात बनवेल. उद्या मोठ्या कंपनीनं बनवलं तर तुमच्याकडे काय उरतं?" प्रश्न बरोबरच होता. मी स्वतः पाच दिवसांत बनवलं होतं. मैत्रीण काहीतरी इंग्रजीत समजावू लागली. आत्या माझ्यामागं दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बनवू दे की. मेंढ्या बऱ्या हुत्यात का न्हाई, तेवढं बघ म्हणावं." मी ते गुंतवणूकदारांना सांगितलं नाही. ते 'कळवतो' म्हणाले आणि त्यांनी काही कळवलं नाही. आम्ही दोघींनी बाहेरची छोटी कामं करत ॲप चालू ठेवलं.

मला जे सांगायचं आहे ते त्यानंतरचं. उसाची तोड संपत आली होती, दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. आत्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. माझ्या लॅपटॉपवर एक फोन सुरू झाल्याचं दिसलं. मी आवाज मोठा केला.

एक तरुण बाई धापा टाकत बोलत होती. "कडा गावाच्या अलीकडं हाय मी. रानात. मेंढी लई येळ झाला कळा देतीया. एकच पाय भायेर दिसतोय, आन तोंड. दुसरा पाय न्हाईच. माझी सासू बाजाराला गेलीय, माणसं कळपामागं लांब गेल्यात. मी एकटीच हाय."

आणि फोनमधून आत्यांचा आवाज आला. शांत, जरा खरखरीत, दुपारी बोलतात तसा. "घाबरू नगंस. कोकराचा एक पाय मागं राहिलाय. ह्ये हुतं. कुणी दिसलं तर डाक्टरला बोलवाय सांग. तवर माझं ऐक. आधी हातातल्या बांगड्या काढ. नखं वाढली असली तर काप. कोपरापर्यंत हात साबणानं धू."

ओसरीवर शेंगा फोडायचा आवाज थांबला. आत्या उठून माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि त्यांचाच आवाज समोरून येत होता.

पलीकडं फोन आणि बांगड्या दगडावर ठेवल्याचं ऐकू आलं, मग पाण्याचा आवाज. "धुतला मावशी."

"आता हाताला गोडंतेल लाव. पुष्कळ लाव. मेंढी जोर करायली असंल तवा हात घालायचा न्हाई. तिचा जोर थांबला की घालायचा. कोकराला आधी हळूच आत ढकल, म्हंजी जागा हुती."

"आत ढकलू? मरायचं न्हाई का?"

"न्हाई मरत. जागा झाल्याबिगर पाय सरळ हुत न्हाई."

मला तो दिवस आठवला ज्या दिवशी आत्यांनी हे फोनला सांगितलं होतं. तेव्हा मी 'पण ते आत ढकलायचं कसं?' म्हणून मध्येच विचारलं होतं आणि आत्यांनी हाच खुलासा केला होता. यंत्रानं तो नेमका इथं वापरला. मी हे असं बांधलं होतं, मला आतून सगळं माहीत होतं. तरीही ओळीत कुठल्या पायरीवर काय विचारलं जाईल हे मी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते ऐकत होतं, समजत होतं, थांबत होतं.

"गुडघा लागला मावशी. लागला."

"खूर हाताच्या मुठीत घे. खुराचं टोक तुझ्या हातात पायजे, आतल्या अंगाला लागलं न्हाई पायजे. मग मुठीसकट पुढं आन."

त्यानंतर बराच वेळ काही नाही. मेंढीचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. मग ती बाई एकदम रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, मेंढीनं मान टाकली. डोळं फिरवलं तिनं. उठवू का तिला? का ओढू तसंच?"

हे आत्यांनी कधी सांगितलं नव्हतं. फोन थांबला. मग त्याच आवाजात म्हणाला, "मला ठावं न्हाई. थांब, इचारून सांगते." आणि ओसरीवर, शेंगांच्या टोपलीशेजारी पडलेला आत्यांचा फोन वाजू लागला.

मी धावत जाऊन तो आत्यांच्या हातात दिला. त्यांनी कानाला लावला आणि नमस्कार नाही, कोण म्हणून नाही, एकदम म्हणाल्या, "उठवू नगंस. तोंडावर पाण्याचा हबका मार. नाकपुड्या पूस. तिच्याशी बोल, तिचं नाव घिऊन बोल. मूठ सोडली न्हाईस ना?"

"न्हाई सोडली."

"मग आता दोन्ही पाय आन तोंड एका रांगेत हाय का बघ. हाय? तिनं जोर केला की वढ. सरळ न्हाई वढायचं, खालच्या अंगाला, तिच्या खुरांकडं. जोर न्हाई केला तर वढायचं न्हाई. थांबायचं. तिच्यासंगं आपुन बी थांबायचं."

आत्या डोळे मिटून बोलत होत्या. त्यांचा मोकळा हात हवेत मूठ करून हळूहळू खाली येत होता. पलीकडची बाई मेंढीला नावानं हाका मारत होती आणि मधेच हुंदका देत होती. आत्या म्हणत होत्या, "हां. थांब. आता. हां. थांब."

मग एक ओला, पसरट आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही.

"नाकातलं काढ त्याच्या," आत्या ओरडल्या. "मागचं पाय धरून उलटं धर जरा. गवताच्या काडीनं नाकात गुदगुल्या कर. चोळ त्याला, चोळ!"

मी लॅपटॉपजवळ गुडघ्यांवर बसले होते. पुण्यात मैत्रीणही आपल्या पडद्यावर हेच ऐकत होती.

एक शिंक आली. इवलीशी. मग दुसरी. मग कोकराचं चिरकं ओरडणं आणि त्याला मेंढीनं दिलेलं जाड, थकलेलं उत्तर.

ती बाई रडत होती आणि हसत होती. बोलता येऊ लागलं तेव्हा म्हणाली, "मावशी, मघापासनं तुमीच बोलताय न्हवं? मधी थोडं थांबलात म्हणून इचारलं."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मघाशी बी मीच व्हते आन आता बी मीच हाय. कोकराला आधी पाजून घे. पयलं दूध वाया घालवू नगंस. आन मेंढीला कोमट पाणी दे."

फोन ठेवल्यावर त्या पायरीवर बसल्या. मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, तांब्या हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मी हितं शेंगा फोडत व्हते. आन मी तिथं बी व्हते." त्यांचा चेहरा मी लग्नापासून पाहत आले आहे. उन्हानं रापलेला, ज्यावर सहसा काही दिसत नाही. त्यावर तेव्हा जे होतं ते मी नवसाला गेलेल्या बायांच्या तोंडावर पाहिलं आहे, देव दिसल्यासारखं. पण त्या देवाकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या दोन हातांकडे बघत होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बसवलं आणि राहिलेलं सांगितलं. मेंढीनं मान टाकली तर काय करायचं, किती वेळ थांबायचं, कधी आता आपल्या हातात नाही असं म्हणून आईला वाचवायचं. "माझ्या हातनं दोन गेल्यात," म्हणाल्या. "ते बी सांगू का?" मी हो म्हणाले. त्यांनी तेही सांगितलं. यंत्रानं तेही ऐकलं.

पंधरा-वीस दिवसांनी त्या बाईनं निरोप पाठवला, की अजून आम्ही कड्याकडेच आहोत, मावशींना घेऊन या. आम्ही दोघी एसटीनं गेलो. उतरून रानाच्या वाटेला लागलो. कारखान्याकडं जाणारा उसाचा ट्रॅक्टर आमच्या अंगावर धूळ उडवून गेला. तुटलेल्या उसाच्या एका मोकळ्या रानात मेंढ्या बसवलेल्या होत्या. काम करणाऱ्या तीन-चार बायका आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. आत्यांनी हाक मारली, "आगं, पाणी मिळंल का प्यायला?"

त्यातली एक झटकन वळली. वीस-बावीसची असेल. तिनं आत्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ऐकून ती धावतच आली आणि पाया पडली. मग आत्यांचा हात धरून त्यांना कळपात घेऊन गेली. ते कोकरू तोवर उड्या मारायला लागलं होतं. आत्यांनी त्याचे चारही पाय चाचपून पाहिले, मेंढीच्या पोटावरून हात फिरवला आणि मगच पाणी प्याल्या.

त्या मुलीची आजेसासू वाघरीजवळ बसली होती. आत्यांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी, डोळ्यांनी अधू, पण जीभ तल्लख. तिनं सगळी हकीकत ऐकली होती. आत्या शेजारी जाऊन बसताच ती म्हणाली, "फोनातली बाई तूच का गं? बाकी समदं बराबर सांगितलंस. पर गोडंतेल कावून लावाय लावलंस? त्याच्यानं हात निसरडा हुतो, पाय सुटतो. आमी अळशी शिजवून तिचं पाणी लावताव."

आत्या म्हणाल्या, "आमच्यात तेलच लावत्यात."

"तुमच्यात लावत असत्याल. चुकतंय ते."

"आमच्या सात पिढ्या चुकल्या म्हणायच्या का मग?"

"म्हणायच्या की."

दोघींचं चांगलंच जुंपलं. ती नातसून मध्ये उभी राहून कुणाकडं बघावं कळेना म्हणून हसू दाबत होती. मला वाटलं आत्या रागावून उठतील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी आपला फोन काढला, मधलं गोल बटण दाबलं आणि म्हाताऱ्या बाईच्या तोंडासमोर धरला. म्हणाल्या, "मग हितं बोल. तुझ्या आवाजात. अळशी किती घ्यायची, पाणी किती, कितीदा उकळायचं, समदं नीट सांग."

म्हातारीनं फोनकडे संशयानं पाहिलं, हातानं चाचपला. "ह्याला ऐकू येतं?"

"लई चांगलं येतं."

ती खाकरली. पदर सावरून, पाठ ताठ करून बसली आणि बोलू लागली. अळशीपासून सुरू केलं, मग तिच्या आईनं तिला ते कसं शिकवलं त्यावर गेली, मग ती आई कुठल्या कुठल्या रानांतून चालली त्यावर. उन्हं कलली तरी ती थांबेना. आत्या हात न हलवता फोन धरून बसल्या होत्या. एक हात दुखायला लागला की दुसऱ्या हातात घ्यायच्या. शेवटची एसटी निघून जाईल असं मी दोनदा खुणावलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि फोन म्हातारीच्या आणखी जवळ नेला.